गावच्या शाळेला कॉम्प्युटर दिला, पुढे त्याचं काय होतं?

गणपती जवळ आले की बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या मुंबईकर मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘आपल्या गावच्या शाळेला यंदा कॉम्प्युटर देऊया.’ कुणाच्या तरी ऑफिसमध्ये जुनी मशीन बदलत असतात, कुणी टेम्पोचं भाडं उचलतो, सुट्टीला गेलेले चाकरमानी शाळेच्या व्हरांड्यात नारळ फोडतात. फोटो निघतो, ग्रुपवर येतो, अंगठे पडतात.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्या कॉम्प्युटरचा फोटो कुणी टाकत नाही.

वाडी-पाड्यावरच्या छोट्या शाळेत कॉम्प्युटर, टीव्ही, टॅबलेट, इंटरनेट पोहोचवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात गेली ४० वर्षं चालू आहेत. सरकारने केले, कंपन्यांनी केले, शिक्षकांनी स्वतःच्या खिशाला चाट लावून केले. यातले काही महत्त्वाचे प्रयत्न तर मुंबईच्या उपनगरातच जन्माला आले; पवईत, मानखुर्दला, देवनारला. या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मशीन शाळेत नेणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. ते चालू ठेवायला दर महिन्याला लागणारे पैसे, वीज आणि शिक्षकाचा वेळ कुठून येणार, यावर सगळं ठरतं. आणि नेमकं हेच छोट्या शाळेकडे सगळ्यात कमी असतं.

छोटी म्हणजे किती छोटी?

मुंबईत ‘छोटी शाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एका वर्गाच्या दोन तुकड्या येतात. इथे गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात २० किंवा त्याहून कमी पटसंख्येच्या जवळपास १५ हजार शाळा असल्याचं शिक्षण विभागाच्या आकडेवारीतून २०२३ च्या सुमारास समोर आलं. त्यात शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. म्हणजे सरासरी काढली तर एका शाळेत १२-१३ मुलं, आणि ती पहिली ते चौथी अशा चार इयत्तांत विभागलेली. एक किंवा दोन शिक्षक. एकाच खोलीत, एकाच फळ्याचे दोन भाग करून दोन इयत्ता चाललेल्या असतात.

या शाळा चुकून छोट्या राहिलेल्या नाहीत. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. सह्याद्रीच्या कुशीत, शहापूर-जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, कोकणातल्या वाड्यांवर एवढ्या अंतरात राहणारी मुलंच मोजकी असतात. त्यात रोजगारासाठी स्थलांतर. तुमच्या-आमच्यापैकी अनेकांचे आई-वडील ज्या शाळेत शिकले, ती शाळा आज छोटी आहे, कारण त्यांची नातवंडं कांदिवलीत शिकतायत.

योजना असते, पण ती वरच्या वर्गांसाठी

शाळांत कॉम्प्युटर नेण्याचा देशातला पहिला मोठा सरकारी प्रयोग १९८४-८५ मध्ये झाला. ‘क्लास’ नावाच्या त्या प्रकल्पात सुरुवातीला २५० माध्यमिक शाळा निवडल्या होत्या आणि तिथे बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश बनावटीची मशीन बसवली गेली. त्याच १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली.

पुढे केंद्र सरकारची ‘आयसीटी अॅट स्कूल’ ही योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. माध्यमिक शाळांत कॉम्प्युटर लॅब उभारायच्या, अशी ती योजना. महाराष्ट्रात ती तीन टप्प्यांत सुमारे ८ हजार शाळांत गेली. पद्धत होती ‘बूट’ नावाची: कंपनीने लॅब बांधायची, पाच वर्षं तिची मालकी ठेवायची, चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची. शिक्षकही कंपनीच नेमणार.

पाच वर्षं संपली की काय होणार, हे कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं. मशीन शाळेकडे आली तेव्हा ती पाच वर्षांची जुनी होती आणि शिकवणाऱ्याचा करार संपलेला होता. या कॉम्प्युटर शिक्षकांनी नोकरी टिकावी म्हणून आझाद मैदानात वारंवार आंदोलनं केली. पाच वर्षं चाललेली लॅब आणि सहाव्या वर्षी कुलूप लागलेली लॅब यांत फरक फक्त एका पगाराचा होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आता ही योजना ‘समग्र शिक्षा’मध्ये विलीन झाली आहे. निकष बरे आहेत. लॅबसाठी एकदा ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत चालवण्याचा खर्च. पण अट बघा: ही मदत सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांना. पाड्यावरची पहिली ते चौथीची शाळा या दारातूनच आत येत नाही.

‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत कॉम्प्युटरची सोय आहे. आदल्या वर्षी हे प्रमाण ५७.२ टक्के होतं. वाढ चांगली आहे. पण जी उरली, त्यांत कोणत्या शाळा असतील, हे वरच्या अटीवरून ओळखता येतं.

महिन्याला ७५० रुपयांचं गणित

मग छोट्या शाळेला पैसे मिळतात कुठून? समग्र शिक्षाच्या निकषांत ‘संयुक्त शाळा अनुदान’ आहे. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० असेल तर २५ हजार. हजाराच्या वर असेल तर १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे लहान शाळेच्या हातात उरतात ९ हजार, महिन्याला ७५० रुपये. यात खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी, वीजबिल आणि जे काही मोडेल ते.

आता एक इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. साधारण १२ ते १५ हजारांना येते आणि चार-पाच वर्षांत बदलावी लागते. म्हणजे एक बॅटरी गेली की शाळेचं वर्षभराचं अनुदान गेलं. पटावर पैसे देण्याची पद्धत कागदावर न्याय्य वाटते, पण बॅटरीला पट कळत नाही. १२ मुलांच्या शाळेतली बॅटरी १२०० मुलांच्या शाळेतल्या बॅटरीइतक्याच किमतीला मिळते.

विजेची गोष्ट तर शिक्षकांच्या तोंडून ऐकावी. जिल्हा परिषदेच्या शाळेला घरगुती दर लागत नाही. एके काळी बिल व्यावसायिक दराने यायचं. नंतर शाळा-दवाखान्यांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग झाला. तरी मे महिन्यात शाळेला कुलूप असताना एक युनिट न जळताही स्थिर आकार येतोच. बिल थकलं की जोडणी तोडली जाते. डिजिटल म्हणून उद्घाटन झालेल्या शाळांची वीज कापल्याच्या बातम्या महाराष्ट्रात इतक्या वेळा छापून आल्या आहेत, की आता त्यात बातमी अशी उरलेली नाही.

म्हणून देणगी देताना मशीनच्या किमतीआधी त्याचे वॅट विचारा. ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट अंदाजे १२० वॅट खातो. असे दहा, रोज दोन तास, महिन्याला २४ दिवस चालवले तर जवळपास ५८ युनिट होतात. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ८० वॅटचा; तेवढाच वेळ चालवला तर ४ युनिटच्या आत बसतो. दहा डेस्कटॉप फोटोत भारी दिसतात, बिल मात्र गुरुजींच्या खिशातून जातं.

खैराट: कर्जतच्या डोंगरातले हिरवे लॅपटॉप

२००५ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतले निकोलस निग्रोपाँटी यांनी जगापुढे एक स्वप्न ठेवलं: गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप. प्रकल्पाचं नाव ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे ओएलपीसी. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये याला नकार दिला. वर्ग आणि शिक्षक आधी हवेत, ही चैन नंतर, असा एकूण सूर होता.

तरीही २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हे हिरवे-पांढरे लॅपटॉप भारतात पोहोचले आणि त्यासाठी निवडलेली शाळा होती कर्जतजवळच्या खैराट या वस्तीतली. एक शिक्षक, पहिली ते चौथी, विसेक मुलं. घाटकोपरहून कर्जत लोकल पकडून पुढे गाडीने जावं अशा ठिकाणी जगातल्या सगळ्यात गाजलेल्या शैक्षणिक प्रकल्पाचा भारतातला पहिला तुकडा पडला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींचा या कामाशी संबंध आला आणि ओएलपीसीवर त्यांचं संशोधन पुढे चालू राहिलं.

हा लॅपटॉप खरंच छोट्या शाळेचा विचार करून बनवलेला होता, हे मान्य करायला हवं. कीबोर्डाला रबराचं आवरण, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नाही. स्क्रीन भर उन्हात वाचता येते. वीज अगदी कमी लागते. देवनागरी कीबोर्डही तयार झाला होता. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे इंटरनेट नसलं तरी हे लॅपटॉप एकमेकांशी थेट जोडले जायचे. होमी भाभा केंद्राच्या संशोधकांनी नंतर याच सोयीचा छान उपयोग केला. मुलांनी चॅटवर एकमेकांना गणितं घालायची आणि सोडवायची. खेळता खेळता आकडेमोड आणि टायपिंग दोन्ही पक्कं होतं, आणि मोडेम-बिडेम काही लागत नाही.

विजेसाठी तर त्या काळात ओएलपीसीच्या भारतातल्या मंडळींनी गाईगुरांकडून फिरवायच्या जनित्राचाही प्रयोग केला. घाण्याला बैल जुंपतात, तसं. हसू येतं, पण ज्या वस्तीत वीज दिवसातून काही तासच असते तिथे हा प्रश्न खरा होता.

मग हे पसरलं का नाही? एक तर किंमत. १०० डॉलर कधीच साधले नाहीत. उत्पादन सुरू झालं तेव्हा आकडा १८८ डॉलरच्या आसपास होता. दुसरं कारण पेरूमधून कळलं. त्या देशाने लाखो लॅपटॉप घेतले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणित आणि भाषेच्या चाचणीत लॅपटॉपवाल्या आणि बिनलॅपटॉपच्या मुलांत फरक आढळला नाही. विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली. लॅपटॉप मुलांच्या हातात पोहोचले होते, पण वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहिलं होतं.

आपल्याकडे ‘आकाश’ टॅबलेटचं जे झालं, तेही याच जातीचं. ५ ऑक्टोबर २०११ ला मोठ्या गाजावाजात पहिली आवृत्ती आली, स्क्रीन आणि बॅटरीच्या तक्रारींनी ती गाजली, मग काम पवईच्या आयआयटीकडे आलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला सुधारित ‘आकाश २’ आला. तो मुख्यतः कॉलेजांसाठी होता. तोवर बाजारातच स्वस्त चिनी फोन येऊ लागले होते आणि सरकारी टॅबलेटची गरजच मागे पडली.

पवईचं उत्तर: एकाला एक नको, सगळ्यांना एक द्या

निग्रोपाँटींच्या आधीच पवईत उलट दिशेने विचार सुरू झाला होता. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातले प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांनी एक असं यंत्र रेखलं, ज्यात कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि स्पीकर एकाच पेटीत. नाव ‘के-यान’, के म्हणजे नॉलेज, आणि यान आपलंच. एक खासगी कंपनी बरोबर घेऊन ते बाजारात आलं आणि देशभरातल्या बऱ्याच शाळांत गेलं.

यामागचा विचार सरळ आहे. आपल्याकडची मुलं एकत्र बसून शिकतात. भिंतीवर मोठं चित्र पडलं की चारही इयत्तांची मुलं एकदम पाहू शकतात. एक पेटी, एक वायर, एक कुलूप. माझ्या मते चार इयत्ता एका खोलीत असलेल्या शाळेला ‘प्रत्येकी एक’पेक्षा हीच कल्पना जास्त मानवते. त्रुटी आहेच: दिव्याच्या प्रोजेक्टरला आयुष्य असतं, दिवा गेला की नवा काही हजारांचा, आणि तो तालुक्याला मिळत नाही. आज ती जागा मोठ्या एलईडी टीव्हीने घेतली आहे. तो जवळच्या बाजारपेठेत मिळतो आणि तिथला मेकॅनिक दुरुस्तही करतो.

पष्टेपाडा आणि लोकवर्गणीची लाट

मुलुंडहून कसारा लोकल धरली की आसनगाव येतं. तिथून पुढे शहापूर तालुक्यात पष्टेपाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक संदीप गुंड यांनी २०१० नंतरच्या काळात कमी खर्चात वर्ग डिजिटल केला: प्रोजेक्टर, स्पर्शाने चालणारा फळा, टॅबलेट, आणि विजेसाठी सौर पॅनेल. पैशांचा मोठा भाग लोकांकडून. ‘पष्टेपाडा पॅटर्न’ म्हणून हे नाव राज्यभर गेलं, दूरदूरचे शिक्षक बघायला येऊ लागले.

त्याच सुमारास, २२ जून २०१५ ला, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. शाळा डिजिटल करण्याची जिल्ह्या-जिल्ह्यांत चढाओढ लागली. शिक्षकांनी गावसभा घेतल्या, वर्गणी काढली. कुणी बैल विकून पैसे दिले, कुणी मजुरीचे. लोकवर्गणीने जमलेल्या रकमेने भल्याभल्यांचे डोळे विस्फारले.

मात्र ‘डिजिटल शाळा’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या सैल राहिली. एक टीव्ही असला तरी डिजिटल. आणि वर्गणी एकदाच निघते. गाव उत्साहाने ५० हजार जमवू शकतं, पण दरवर्षी बॅटरीसाठी वर्गणी काढा म्हटलं तर लोक म्हणतात, मागच्या वर्षी दिले ना गुरुजी! त्यात शिक्षकाची बदली. ज्याने सगळं उभं केलं तो दुसऱ्या तालुक्यात जातो, पासवर्ड आणि उत्साह दोन्ही त्याच्याबरोबर जातात.

केरळने इथे वेगळी वाट धरली होती. २००१ पासूनच्या ‘आयटी अॅट स्कूल’ कार्यक्रमात शिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं, मुक्त सॉफ्टवेअर वापरलं, आणि देखभालीला सरकारची स्वतःची कायमची यंत्रणा ठेवली. पुढे तिचीच ‘काइट’ ही कंपनी झाली. केरळमधल्या शाळा आपल्या पाड्यांइतक्या छोट्या नाहीत, तुलना तंतोतंत लागू होत नाही. पण मशीन बिघडलं तर फोन कुणाला करायचा, हे तिथल्या गुरुजींना माहीत असतं.

सोलापूरच्या गोठ्याशेजारचा क्यूआर कोड

आतापर्यंतच्या सगळ्या प्रयोगांत यंत्र शाळेत होतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ते शाळेबाहेर ठेवलं. ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि कोठार यांच्या मधली पडकी जागा होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. पालकाच्या फोनने स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा व्हिडिओत दिसतो. २०१७ मध्ये महाराष्ट्राने बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणले, पुढच्या वर्षी एनसीईआरटीने. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे तुम्ही वाचलं असेलच.

पुरस्काराच्या बातम्यांत एक मुद्दा मागे राहिला. क्यूआर कोडला शाळेची वीज लागत नाही, शाळेची बॅटरी लागत नाही, दुरुस्ती लागत नाही. खर्च पडतो तो शाईचा. ७५० रुपयांत चालणाऱ्या शाळेला परवडणारं हे कदाचित एकमेव तंत्रज्ञान होतं, आणि ते मंत्रालयात नव्हे, गावच्या शाळेत सुचलं.

पण फोन कुणाकडे? ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाली. फोन घरी ‘आहे’ आणि मुलाला ‘मिळतो’ यात मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं अंतर आहे. बाप वीटभट्टीवर किंवा रिक्षावर जातो आणि फोन त्याच्या खिशात जातो. लॉकडाऊनमध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम फोनवर चालली, आणि फोन नसलेल्यांसाठी जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. गंमत बघा, सगळं करून झाल्यावर आपण पुन्हा बालचित्रवाणीपाशीच आलो, ती बंद केल्यावर तीन वर्षांनी.

‘असर’ची २०२४ ची आणखी एक नोंद, सोशल मीडियावर हे वाचणाऱ्यांसाठी: १४ ते १६ वयाची जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी.

इंटरनेट ग्रामपंचायतीपर्यंत येऊन थांबतं

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि आता ‘भारतनेट’ नावाने चालणाऱ्या प्रकल्पात फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची आहे. पण एका ग्रामपंचायतीत पाच-सात पाडे असतात. पंचायतीच्या खोलीत पेटी लुकलुकते आणि शाळा दोन डोंगर पलीकडे असते. मग रेंजसाठी गुरुजी टेकडीवर.

यावर एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे: इंटरनेटशिवाय इंटरनेट. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर पाच-दहा वॅटवर चालतो. त्यात विकिपीडिया, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टींची पुस्तकं, बालभारतीच्या पीडीएफ भरून ठेवता येतात आणि तो खोलीपुरता वायफाय देतो. शाळेतल्या टॅबलेटला किंवा फोनला वाटतं की आपण ऑनलाइन आहोत. पॉवर बँकवरही तो काही तास निघतो. मराठी सामग्रीचीही सोय आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीत आहेत आणि ते डाउनलोड करून वापरता येतात, अर्थात मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटीबरोबर चालवलेला ‘क्लिक्स’ हा हायस्कूलसाठीचा कार्यक्रमही शाळेतल्या लॅबवर, इंटरनेट नसतानाही चालेल अशा बेताने बांधला होता. त्याला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तो राबवला गेला राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणात.

कॉम्प्युटर कोण वापरतं?

हा प्रश्न विचारायला जरा अवघड, पण विचारायलाच हवा. छोट्या शाळेत क्लार्क नसतो, शिपाई नसतो. ‘सरल’ची माहिती, यूडायस, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळवणी, हे सगळं ऑनलाइन आणि हे सगळं शिक्षकाने. २०० मुलांच्या शाळेला जेवढे फॉर्म, तेवढेच १२ मुलांच्या शाळेलाही. फक्त भरणारे हात एक किंवा दोन. म्हणून अनेक ठिकाणी दान मिळालेला एकमेव लॅपटॉप मुलांच्या पुढे नसतो, टेबलावर असतो आणि त्यावर ‘तात्काळ’ लिहिलेल्या पत्राचं उत्तर टाइप होत असतं. यासाठी गुरुजींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या लॅपटॉपने त्यांचा तालुक्याचा एक हेलपाटा वाचत असेल तर तो दिवस मुलांना मिळतो.

तर मंडळाने काय द्यावं?

आधी शाळेला फोन करा. मुख्याध्यापकांशी बोला, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईशीही बोला. वीज चालू आहे का, थकबाकी किती, छप्पर गळतं का, शाळेत आधीपासून बंद पडलेलं काय पडलंय, हे विचारा. अनेकदा उत्तर येतं, ‘कॉम्प्युटर आहेत हो चार, बॅटरी नाही.’ मग बॅटरी द्या. तिच्याबरोबर फोटो चांगला येत नाही, तरी द्या.

नवं काही द्यायचंच असेल तर एक मोठा टीव्ही, एक पेन ड्राइव्ह किंवा तो छोटा ऑफलाइन सर्व्हर, छोटं सौर पॅनेल. आणि रकमेचा निदान तिसरा हिस्सा पुढच्या तीन वर्षांच्या बिलासाठी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. मंडळाच्या खात्यात तो राहिला तरी चालेल, पण कुणी तरी एकाचं नाव त्याला जोडलेलं हवं. पाच वर्षं दरवर्षी पाच हजार देणारं मंडळ हे एकदा २५ हजार देणाऱ्या मंडळापेक्षा शाळेला जास्त उपयोगी पडतं.

ऑफिसातले जुने कॉम्प्युटर द्यायचे तर आत्ता बरेच मिळतील. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि कंपन्या मशीन बदलतायत. चांगल्या स्थितीतल्या मशीनवर लिनक्स टाकून, मराठी कीबोर्ड चालू करून, एखाद्या रविवारी मंडळातल्या पोरांनी तपासून मगच टेम्पोत चढवा. दहा नको, दोन लॅपटॉप पुरे. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर असतो. आणि जे सुरूच होत नाही ते शाळेला देऊ नका. ते देणं म्हणजे मुंबईतला ई-कचरा गावाला नेऊन टाकणं.

शेवटची बाब कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. दिलेली प्रत्येक वस्तू शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते. एकदा चढली की ती बिघडली म्हणून फेकता येत नाही. रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करून वरून मंजुरी आणावी लागते. तोवर ती वस्तू सांभाळणं ही मुख्याध्यापकाची जबाबदारी, बदली झाली तर मोजून ताबा द्यायचा. म्हणूनच कित्येक शाळांत एक खोली बंद मॉनिटरांनी भरलेली असते आणि मुलं व्हरांड्यात बसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय सरकारने पुढे आणला, तेव्हापासून यात आणखी एक प्रश्न आला आहे: शाळा दुसऱ्या गावात हलली तर वाडीने वर्गणी काढून घेतलेला टीव्ही कुणाचा? देणगीच्या पत्रात हे एका ओळीत लिहून ठेवता येतं. वस्तू कोणत्या वाडीच्या मुलांसाठी दिली, शाळा बंद किंवा विलीन झाल्यास ती कुठे राहावी, आणि निकामी झाल्यावर मंडळ ती परत नेईल की नाही. पत्राच्या दोन प्रती करा. एक शाळेच्या फाइलला, एक मंडळाकडे.